सोमवारी पाळलेला रविवार

एथन आणि तान्या,

मला ऑस्ट्रेलियाहून परत येऊन महिना होत आला. फोनवर तुम्हाला कांगारूचं सांगून झालं, समुद्राचं सांगून झालं, पण मुख्य गोष्ट राहून गेली. ती सांगायला बसले की तिकडे तुमची शाळेची बस येते, नाहीतर इथे वसईत वीज जाते. म्हणून लिहिते आहे. आईला म्हणावं, सावकाश वाचून दाखव. शब्द अडला तर तिथेच विचारा, पुढे ढकलू नका.

आत्ताच लिहायला बसण्याचं कारण एथन आहे. मागच्या रविवारी तू सांगितलंस की शाळेत प्रत्येकाने आपापल्या लोकांबद्दल एक तक्ता करायचा होता. तू वर मोठ्या अक्षरांत ‘इंडिया’ लिहिलंस आणि खाली ताजमहाल चिकटवलास. मी विचारलं, “आणि वसई? आपली सामवेदी बोली? आपली वाडी?” तू म्हणालास, “आजी, वी आर टू स्मॉल. कोणाला माहीतच नसतं.” तुझं म्हणणं खोटं नाही. आपण थोडेच आहोत. पण आपल्याहून थोडी असलेली माणसं मी या प्रवासात भेटून आले. त्यांची हकीगत तू ऐकावीस असं मला वाटतं. तक्ता नंतर बघू.

तुमच्या डेरिकमामाचं घर मेलबर्नच्या पॉइंट कुक भागात आहे. रस्ते रुंद, घरं नवी, झाडं अजून काठीला बांधलेली. दूध आणायचं तरी गाडी काढावी लागते. एप्रिल लागला होता आणि तिथे तो थंडीचा उंबरठा. मी घरात दोन स्वेटर घालून बसायचे. एके दिवशी मामा ऑफिसातून आला तो सुट्टी मंजूर करून घेऊनच.

“आई, क्वीन्सलँडला जाऊ. ऊन आहे, बीच आहे आणि कॉमनवेल्थ गेम्स चालू आहेत.”

या खेळांत जगातले कितीतरी देश येतात, कधीकाळी ब्रिटिश साम्राज्यात असलेले बहुतेक सगळे. मी उत्साहाने विचारलं, “पोहण्याच्या शर्यती बघायला मिळतील?”

“स्विमिंगची तिकिटं केव्हाच संपली. धावण्याचीही. लॉन बोल्सची आहेत.”

“ते काय असतं?”

“म्हाताऱ्यांच्या गोट्या.”

“मग काढ तिकिटं,” मी म्हटलं. “गोट्यांमध्ये मी तुझ्या सगळ्या मामांना हरवलेलं आहे.”

विमान उतरायला लागलं तेव्हा खिडकीतून आधी पांढरी वाळू दिसली, मग तिला खेटून उभे असलेले उंचच उंच मनोरे आणि त्यांच्या मागे हिरवे डोंगर. त्या शहराचं नाव गोल्ड कोस्ट. दारातून बाहेर पाऊल टाकलं आणि अंगावर ओलसर, खारट, उबदार हवा आली. मी दोन्ही स्वेटर काढून मामाच्या हातात दिले. आम्ही भाड्याने घेतलेल्या छोट्या घराच्या अंगणात चाफा होता, जास्वंद होती आणि कुंपणाला लागून केळीचं बेट होतं. घरमालकीण बाईंना विचारलं, “दोन पानं कापू का?” त्या म्हणाल्या, “नो वरीज, सगळी घेऊन जा. आम्ही ती फेकूनच देतो.” केळीची पानं फेकून देणारा देश! मी त्याच संध्याकाळी नारळ, गूळ आणि तांदळाचं पीठ आणवून पानगे (केळीच्या पानात गुंडाळून तव्यावर भाजलेल्या गोड भाकऱ्या) केले आणि डबा भरून ठेवला. बाहेर पडताना डबा हवाच, हे तुम्हाला तुमच्या आईवरून माहीत असेल.

लॉन बोल्सचं मैदान म्हणजे गालिच्यासारखी कापलेली हिरवळ. एका टोकाला उभं राहून आधी जॅक (नेमाचा छोटा पांढरा गोळा) दूर सोडायचा. मग दोन्ही संघांनी आळीपाळीने आपापले मोठे गोळे त्याच्या जवळात जवळ नेऊन थांबवायचे. या मोठ्या गोळ्याला बोल म्हणतात. गोट्याच की! फरक एवढाच की हा बोल मुद्दाम एका अंगाने कलता घडवलेला असतो. तो सरळ जातच नाही. वेग ओसरला की वळतो. म्हणून नेम जॅकवर धरायचा नाही, त्याच्या बाजूला धरायचा. तासाभरात मला खेळ पुरता समजला आणि मी मामाला शिकवायला लागले.

आमच्या पुढच्या बाकांवर पिवळे शर्ट घातलेली पाच-सहा माणसं होती. त्यांतला एक धिप्पाड गृहस्थ कानाला फोन लावून हलक्या आवाजात अखंड बोलत होता. अनोळखी भाषा, पण बोल सुटला की आवाज चढायचा, थांबला की पडायचा. फेरी संपल्यावर तो मागे वळून म्हणाला, “माफ करा हं, मी रेडिओ आहे.”

त्याचं नाव सिओने. तो संघाचा मॅनेजर होता, आणि फोनवरून आपल्या बेटाच्या रेडिओला सामन्याचं वर्णनही तोच सांगत होता.

“कुठलं बेट?” मामाने विचारलं.

“निउए.”

मामाने फोनवर नकाशा उघडला. बोटांनी मोठा केला, आणखी मोठा केला, पॅसिफिक महासागराच्या नुसत्या निळ्या रंगात बराच वेळ शोधत राहिला. शेवटी एक ठिपका सापडला. “आई,” तो मला मराठीत म्हणाला, “या अख्ख्या देशात आपल्या चर्चच्या पॅरिशपेक्षा कमी माणसं आहेत.”

सिओनेने बाकीचं सांगितलं. बेटावर राहणाऱ्यांपेक्षा त्यांची कितीतरी जास्त माणसं कामाधंद्यासाठी न्यूझीलंडला गेलेली. पासपोर्टही न्यूझीलंडचाच. मी जन्मभर शाळेत शिकवलं, त्यामुळे शंका आली की हात वर होतोच. मी विचारलं, “मग तुमचे खेळाडू न्यूझीलंडकडूनच का खेळत नाहीत?”

तो हसला. “न्यूझीलंडकडून खेळायला न्यूझीलंड आहे ना, आंटी. आमच्याकडून कोण खेळणार?”

मैदानावर त्यांच्या चार बायका खेळत होत्या. एक बेटावरच्या दवाखान्यात नर्स. एक विमानतळाच्या अग्निशमन दलात. “आठवड्याला मोजकीच विमानं येतात,” सिओने म्हणाला, “म्हणून सरावाला वेळ मिळतो.” तिसरी टिया, ऑकलंडमध्ये जन्मलेली, कॉलेजात शिकणारी मुलगी. आणि चौथी टियाची आजी लोसा, संघाची स्किप, म्हणजे कर्णधार. लोसा माझ्याच वयाची. पांढरे केस घट्ट बांधलेले, डोक्यावर केवड्याच्या जातीच्या पानांची विणलेली टोपी, मनगटावर मोठं पुरुषी घड्याळ. ती पलीकडच्या टोकाला उभी राहून आपल्या भाषेत ओरडून सूचना द्यायची. समोरच्या संघाला ओ की ठो कळायचं नाही. तो त्यांचा डावच होता.

पहिला सामना त्या हरल्या. चांगल्याच हरल्या. लोसाने समोरच्या चौघींशी हात मिळवले आणि असं काही हसली की जिंकलेल्या संघालाच अवघडल्यासारखं झालं. मी खाली जाऊन डबा पुढे केला. सिओने धावत आला. “नाही नाही आंटी! स्पर्धा संपेपर्यंत बाहेरचं काही नाही. कशात काय असेल, तपासणीत काय निघेल!”

“तांदूळ निघेल,” मी म्हटलं.

लोसाने झाकण उघडून खोल वास घेतला आणि डबा मला परत दिला. “आम्हीही पानात बांधून भाजतो,” ती म्हणाली. “तारो (आपल्या अळकुडीसारखा मोठा कंद) आणि पपई, वरून नारळाचं दूध. उमूमध्ये. जमिनीत खड्डा करून तापलेल्या दगडांवर. तुमचा डबा माझ्याकडे उधार राहिला.”

दुसरा सामनाही त्या हरल्या, तिसराही. आम्ही रोज जाऊ लागलो. समुद्र सोडून, मनोरे सोडून. मामा म्हणायचा, “आई, आर्वोला (दुपारनंतर) बीचवर जाऊ या का?” आणि मी म्हणायचे, “उद्या.” आता त्यांचा एकच सामना उरला होता, तोही पदकांवर डोळा ठेवून आलेल्या एका मोठ्या देशाशी. पुढच्या फेरीत जाण्याची आशा संपली होती. पण चौघींना एक सामना जिंकून घरी जायचं होतं. बेटावर सगळे रेडिओला कान लावून बसले होते. “एक,” लोसा मला एक बोट दाखवून म्हणाली होती, “फक्त एक.”

तिसऱ्या सामन्यानंतर आम्ही क्लबच्या पडवीत चहा घेत बसलो होतो. लोसा आणि मी, शेजारी टिया आणि मामा फोनमध्ये डोकं घालून. मला पुढच्या दिवसाची व्यवस्था लावायची होती, म्हणून मी सहज म्हटलं, “उद्या तुमचा सामना सकाळी आहे. त्याच्या आधी मला जवळपास मिस्सा मिळायला हवी. तुम्ही कुठल्या चर्चला जाणार?”

“चर्चला परवा,” लोसा म्हणाली. “उद्या शनिवार.”

“उद्या रविवार. शनिवार आज आहे.”

ती हसली आणि तिने मला मनगटावरचं घड्याळ दाखवलं. त्यात वार होता शुक्रवार. “बेटाचं आहे,” ती म्हणाली. आणि मग तिचं हसू हळूहळू मावळलं.

इथे थोडा भूगोल. तान्या, पृथ्वीचा गोल घे. पॅसिफिकमध्ये उभी एक रेघ आहे. तिच्या अलीकडे रविवार असतो तेव्हा पलीकडे अजून शनिवार असतो. ऑस्ट्रेलिया अलीकडे, निउए पलीकडे. सिओनेने बेटाच्या रेडिओला सामन्यांचे वार कळवले ते बेटाच्या वारांप्रमाणे, म्हणजे लोकांची ऐकण्याची वेळ चुकू नये. रेडिओने सांगितलं, शेवटचा सामना शनिवारी. लोसाने ते बेटावर बसून ऐकलं आणि मगच यायला होकार दिला होता. तिची एकच अट होती. रविवारी खेळणार नाही. आणि खेळाडूंच्या वसाहतीत वार नसतातच. पहिला दिवस, दुसरा दिवस, असं मोजतात. रेघेपलीकडून आलेल्या माणसांच्याच हातून होऊ शकेल अशी ती चूक होती.

“टिया,” लोसाने विचारलं, “उद्या इथे रविवार आहे?”

“हो. का?” टियाने फोनमधून मान वर केली. ती आजीला ‘नाना’ म्हणायची. “नाना, आमच्या क्लबमध्ये तर रविवारीच खेळतात.”

मला वाटलं जमीन दुभंगावी. मी जर मिस्साचं काढलं नसतं तर! पण लोसाने माझ्या हातावर हात ठेवला आणि सिओनेला हाक मारली.

सिओने आला आणि सगळं ऐकून खांबाला टेकला. “लोसा, मला वाटलं तुला माहीत आहे.”

“मला रेडिओने शनिवार सांगितला. आणि रेडिओ तूच.”

“अगं, बेटावर उद्या शनिवारच आहे!”

“माझे पाय बेटावर आहेत का?”

चौघींच्या खेळात तिघींना उतरता येत नव्हतं. राखीव कोणी नव्हतं. एवढ्याशा देशाला राखीव कुठून परवडणार? लोसा नाही म्हणाली तर सामना सोडून द्यावा लागणार होता. नर्सबाई खुर्चीत मागे रेलली आणि आढ्याकडे बघत राहिली. टिया मात्र उसळली. “नाना, मी एक टर्म बुडवून आलेय! आपण एकसुद्धा न जिंकता जायचं? कशासाठी? एका वारासाठी?”

लोसा शांतपणे म्हणाली, “माझ्या आईने रविवारी मासा धरला नाही. चक्रीवादळानंतर घरात खायला नव्हतं तेव्हासुद्धा नाही. नुसता वार नाही तो.”

मी तिथे पाहुणी. पण तोंड गप्प राहीना. “आमच्यात शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारची धरतात,” मी सुचवून पाहिलं.

“तुमचे फादर दयाळू दिसतात,” लोसा म्हणाली. सगळे हसले, पण मार्ग निघाला नाही.

मग तिने सिओनेचा फोन मागितला आणि हिरवळीच्या कडेला जाऊन घरी लावला. तिचा थोरला भाऊ गावच्या चर्चमध्ये डीकन (पाळकांच्या हाताखालचा वडीलधारा) आहे. बेटावर शुक्रवारची संध्याकाळ होती. ती बराच वेळ ऐकत होती, मधेच एखादा शब्द बोलत होती. टियाला मी विचारलं, “काय म्हणताहेत?” तिचे कान लाल झाले. “मला एवढी भाषा नाही येत. मला फक्त हिरवळीवरची येते. जड टाक, हलका टाक, डावीकडून घे. नानाने फोनवर शिकवली.”

लोसा परत आली, बसली, गार झालेला चहा प्यायली.

“भाऊ म्हणतो, उद्या आमच्याकडे शनिवार. आम्ही तारो उपटणार, नारळ खवणार, उमू पेटवणार. तूही तुझं शनिवारचं काम कर. गाव तुझ्याबरोबर आहे.” तिने कप खाली ठेवला. “पण म्हणाला, लोसा, बेटाचा शनिवार घेतलास तर रविवारही बेटाचाच घ्यावा लागेल. इथला शनिवार आणि तिथला सोमवार, असे दोन्हीकडचे कामाचे दिवस खिशात घालायचे नाहीत.”

“म्हणजे?” मामाने विचारलं.

“म्हणजे सोमवारी माझा रविवार.”

सिओनेने कपाळावर हात मारला. सोमवारी दुपारचं त्यांचं परतीचं विमान होतं. लोसा म्हणाली, “तुम्ही जा. मी रविवारी प्रवास करत नाही. मंगळवारी येईन.” टिया म्हणाली, “मीही मंगळवारी.” आता दोघींनी सोमवारी कुठे राहायचं हा प्रश्न उरला, आणि तो तुमच्या मामाने सोडवला. “आंटी, आमच्याकडे. एक खोली रिकामीच आहे. नो वरीज.” आपल्या मुलाचा अभिमान वाटण्याचे प्रसंग आईला मोजून मिळतात. त्यांतला हा एक.

रविवारी मी पहाटेची मिस्सा केली आणि मैदानावर जाऊन पहिली रांग धरली. सामना सुरू झाला. पहिल्या काही फेऱ्या त्या मागे पडल्या, मग बरोबरीला आल्या, पुन्हा मागे. समोरच्या संघाकडे शिकवणारा होता, मालिश करणारा होता, पाण्याच्या बाटल्या धरणारा होता. आमच्याकडे सिओने होता आणि तो रेडिओ होता. (‘आमच्याकडे’ लिहून गेले खरं. राहू दे.) ऊन चढलं. नर्सबाईने एक बोल इतका सुंदर आणला की समोरच्या कर्णधारबाईंनीही टाळी वाजवली. आजूबाजूच्या बाकांवरचे ऑस्ट्रेलियन लोकही आता पिवळ्या बाजूने ओरडायला लागले. “कम ऑन, नाना!” असं कोणीतरी म्हणालं आणि मग सगळेच तिला नाना म्हणू लागले.

शेवटच्या फेरीला दोन्ही संघांचे गुण सारखे होते. बाकी सगळ्यांचे बोल टाकून झाले. समोरच्या संघाचा एक बोल जॅकच्या अगदी जवळ, आणि त्याच्यापुढे इतर बोलांचं कुंपणच पडलेलं. लोसाचा एक बोल उरला होता. आता ती टाकायच्या टोकाला आली आणि तिच्या जागी पलीकडे टिया उभी राहिली. एरवी आजी ओरडायची आणि नात टाकायची. आता नात ओरडणार होती.

टियाने वाकून कुंपण बघितलं, मग दोन्ही हात उंच करून तिच्या त्या हिरवळीपुरत्या भाषेत दोन शब्द ओरडली. सिओने फोनवर बोलायचा थांबला. “डावीकडून,” त्याने आमच्यासाठी पुटपुटून सांगितलं, “आणि हलका.”

लोसाने टोपी नीट केली. वाकली. बोल सुटला तो जॅककडे नव्हेच, पार बाजूला, शेजारच्या पट्टीत जातोय की काय असा. मामा “ओह नो” म्हणाला. मी त्याला चिमटा काढला. मला आता खेळ कळत होता. बोल दमत गेला आणि वळला. दोन बोलांमधल्या फटीतून आत शिरला, एखादी म्हातारी चर्चमध्ये उशिरा येऊन गुपचूप बाकावर सरकते तसा, आणि जॅकशेजारी येऊन थांबला.

पण कोणाचा जवळ? कोणालाच सांगता येईना. पंच आले, गुडघ्यांवर बसले, फीत काढली. एकदा मापलं, पुन्हा मापलं. सिओने फोन छातीशी धरून उभा होता. त्या समुद्रातल्या ठिपक्यावर उमूवर पानं झाकून माणसं ऐकत होती, आणि रेडिओ मुका झाला होता.

पंचांनी उठून पिवळ्या संघाकडे हात केला.

सिओने फोनमध्ये काय ओरडला ते कळायला भाषेची गरज नव्हती. फोनमधून उलट जो आवाज आला तोही सगळ्या बाकांनी ऐकला. टिया हिरवळीवरून धावत सुटली, धावायला मनाई असताना. चौघी एकमेकींना धरून उभ्या राहिल्या आणि मग तिथेच, मैदानाच्या मधोमध, त्यांनी एक गाणं म्हटलं, चार वेगळ्या सुरांत. आम्ही सगळे उठून उभे राहिलो. गुणतक्त्यात निउए त्यांच्या गटात सर्वात खालीच राहिलं. तरी त्या दिवशी मैदान सोडायला सर्वात उशीर त्यांनाच लागला, कारण ज्याला त्याला नानाशी हात मिळवायचा होता.

त्या संध्याकाळी मी पुन्हा पानगे केले. लोसाच्या रविवारी चूल पेटवायची नाही. त्यांचं रविवारचं जेवण आदल्या दिवशीच होतं. घरमालकीण बाई पानं तोडून द्यायला स्वतः आल्या.

सोमवार उजाडला. रस्त्यावर कचऱ्याची गाडी आली, शेजारी टाय बांधून कामाला निघाले. आमच्या घरात मात्र रविवार होता. लोसा पांढरा पोशाख आणि टोपी घालून टेबलाशी बसली, शेजारी टिया. टेबलावर फोन उभा केलेला, त्यातून बेटावरच्या चर्चची उपासना येत होती. खरखर, लहान मुलांचं रडणं, मधेच कोंबड्याचं आरवणं. पाळकांनी काही सांगितलं आणि सगळं चर्च हसलं. लोसाने तोंडावर हात धरला. “म्हणताहेत, लोसा कुठल्या वारात आहे ते देवालाच ठाऊक, पण ती आपल्यात आहे.” मग भजन सुरू झालं. लोसा गायला लागली, आणि दुसऱ्या ओळीला टियाही. शब्द सगळे पाठ. मी नंतर विचारलं तेव्हा म्हणाली, “अर्थ निम्माच येतो.”

मामा बाहेर बादली घेऊन गाडी धुवायला निघाला होता. लोसाने खिडकीतून नुसतं बघितलं. “सॉरी, आंटी,” म्हणून तो बादली ठेवून आत आला आणि दिवसभर आमच्याबरोबर बसला. मला वाटतं, कामावर लागल्यापासून त्याने काहीच न करता काढलेला तो पहिला दिवस.

गार पानगे खाताना लोसाने विचारलं, “तुमचा रविवार कसा?”

मी सांगितलं. माझ्या बाबांच्या वाडीत रविवारी कुदळ लावायची नाही असा नियम होता. विहिरीवर रहाट (बैलाने फिरवायचं पाणी उपसण्याचं चाक) होता. रविवारी मिस्साला जायच्या आधी बाबा बैलाच्या मानेवरून हात फिरवून यायचे. त्यालाही सुट्टी.

“बैलाला कळायचं?”

“पक्कं. एकदा पाहुण्यांनी चुकून जुंपला तर जागचा हलला नाही.”

“आणि आता?”

“आता पंप आहे. पंपाला वार कळत नाहीत.”

लोसा इतकी हसली की टिया दुसऱ्या खोलीतून काय झालं म्हणून बघायला आली. मग लोसाने तिला तिच्या भाषेत बैलाची गोष्ट सांगितली, हळूहळू, हाताने बैल बसवून दाखवत. टियाने मधेच थांबवून एक शब्द विचारला, मग आणखी एक. दुपार अशीच गेली.

मंगळवारी विमानतळावर लोसाने आपली टोपी काढून माझ्या डोक्यावर ठेवली. मी नको म्हणत होते. “उधारी,” ती म्हणाली. “डब्याची.”

त्यानंतर मी पॉइंट कुकला काही दिवस राहिले आणि मग घरी आले. पोचले त्याच्या दुसऱ्याच दिवशी रविवार होता. मिस्सा झाल्यावर थेट वाडीत गेले, केवड्याची टोपी घालूनच. पलीकडच्या वाडीत इमारत उठते आहे. तिथे रविवारीही सिमेंटचं यंत्र चालू होतं. लुगडं नेसलेली एकच बाई वाटेत भेटली. तिने टोपीबद्दल आपल्या बोलीत चौकशी केली आणि पोट धरून हसली. मी उत्तर दिलं, तेही बोलीतच. संध्याकाळी तुम्हाला फोन लावायचं ठरवलं होतं. कारण सकाळी लावला तर तान्या झोपाळू आवाजात म्हणते, “आजी, इथे अजून शनिवार आहे.” मला आता ते ऐकायला आवडतं.

एथन, तक्ता झाला तो झाला. ताजमहाल छान इमारत आहे, राहू दे. पण पुढच्या वेळी कोणी विचारलं तर एवढं तुला माहीत असावं म्हणून लिहून ठेवते. रहाट गेला. बैल गेला. बाबा गेले. विहीर आहे आणि तिचं पाणी गोड आहे. केळी आहेत. आपली बोली बोलणारी माणसं आहेत, थोडी. आणि आपल्या वाडीत रविवारी कुदळ लागत नाही, अजूनही.